स्ट्रासबूर्गचा मनोरा : कर्ता कोण?

स्ट्रासबूर्गच्या कथीड्रलवर तरुण ग्योथेने लिहिलेला ‘जर्मन वास्तुकलेविषयी’ हा निबंध १७७२ साली प्रसिद्ध झाला. रानटी मानल्या गेलेल्या गॉथिक शैलीला त्याने प्रतिष्ठा दिली, हे श्रेय रास्तच आहे. परंतु त्यातील मूळ भूमिका स्वीकारता येत नाही. ग्योथेला या वास्तूत एकाच प्रतिभावंताचे, एर्विन फॉन श्टाइनबाखचे, दर्शन घडते. एर्विन १३१८ मध्ये निवर्तला. ज्या १४२ मीटर उंच मनोऱ्यामुळे ही वास्तू ओळखली जाते, त्याचा अष्टकोनी भाग उलरिश फॉन एन्सिंगनने १३९९ नंतर उभारला आणि त्यावरचा जाळीदार कळस कोलोनच्या योहान्स ह्युल्ट्झने १४३९ मध्ये पूर्णत्वास नेला. दक्षिणेकडील जोडमनोरा तर झालाच नाही.

याहून मोठी उणीव अशी की, ज्यांनी मनोरा टिकवला त्यांना या निबंधात स्थान नाही. तेराव्या शतकापासून चालत आलेली ‘अव्र नोत्र-दाम’ ही संस्था दानात मिळालेल्या घरांच्या व जमिनींच्या उत्पन्नातून ही वास्तू सांभाळते. (शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्यास हे विशेष वाटते, आपल्याकडे बांधकामाला कोनशिला मिळते, दुरुस्तीला केवळ लेखाशीर्ष.) विसाव्या शतकाच्या आरंभी मनोऱ्याजवळच्या खांबाला तडे गेले. खाली अकराव्या शतकातील पाया होता. भूजलाची पातळी घसरल्याने त्याखालचे लाकडी खुंट कुजले होते. वास्तुविशारद योहान क्नाउट याने खांबाचा भार तात्पुरत्या आधारांवर तोलून धरला आणि खाली काँक्रीटचा नवा पाया घालण्याचे काम चालवले. महायुद्धानंतर आल्सास फ्रान्सकडे गेले. क्नाउट जर्मन, त्याला शहर सोडावे लागले. १९२४ मध्ये तो वारला, काम १९२६ मध्ये संपले. ग्योथेच्या निकषाने पाहिल्यास क्नाउट हा कलावंत नव्हेच. मात्र त्याच्यावाचून ह्युल्ट्झचा कळस आज केवळ चित्रांत उरला असता.

झिजलेले शिल्प उतरवून संग्रहालयात ठेवायचे आणि त्याच्या जागी वालुकाश्माची नवी प्रतिकृती बसवायची, या प्रथेवर ‘अस्सलपण हरवते’ असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. नव्या छिन्नीची धार जुन्या दगडाशेजारी डोळ्यांना खुपतेच. पण मुळात ही वास्तू अनेक पिढ्यांच्या हातांनी घडली असेल, तर आजच्या पाथरवटाचा हात तेवढा परका का ठरावा? २०२० मध्ये युनेस्कोने स्ट्रासबूर्गसह युरोपातील अशा कार्यशाळांची परंपरा जतनाच्या उत्तम पद्धतींच्या नोंदवहीत समाविष्ट केली. तेथे गौरव झाला तो दगड घडवण्याच्या विद्येचा.