पायडलाचा भरवसा

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळले की रस्त्याच्या कडेने रसवंत्या लागतात. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, आणि त्याच्या संथ फेऱ्यांतून पातेल्यात उतरणारा उसाचा रस. अशाच एका रसवंतीच्या मांडवाच्या खांबाला टेकून जुनी लुना मोपेड उभी होती. रंग उन्हाने उडालेला, सीटला सुतळीने घातलेले टाके, कॅरिअरला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. कुलूप नाही, साखळी नाही. रसाचा पेला हातात घेऊन मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. चांगली कविता दुसऱ्यांदा वाचतो तसा.

मोटारसायकलींच्या शौकिनांत ‘स्क्रॅम्बलर’ या जातीला मोठा मान आहे. इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली येथे १९२४ साली रानातून, चढ-चिखलातून मोटारसायकलींची शर्यत झाली. अशा शर्यतींतून ही जात घडत गेली. वर वळवलेला सायलेन्सर, रुंद हँडल, दातेरी टायर, आणि अनावश्यक ते सारे उतरवून हलके केलेले अंग. जिथे रस्ता संपतो तिथून जिचे काम सुरू होते, ती स्क्रॅम्बलर. लुनाकडे यांतले एकच लक्षण, हलके अंग. तरीही नेवासे तालुक्यातल्या पांदण रस्त्यांनी, पाटाच्या भरावावरून, उसाच्या फडातल्या बैलगाडीच्या चाकोरीतून वस्तीपर्यंत पोचण्याचे काम तिनेच केले. वाटेत पाण्याची चारी आडवी आली, तर उतरून, तिला उचलून पलीकडे ठेवता येत असे. माझ्या लेखी आमच्या मुलखाची खरी स्क्रॅम्बलर हीच.

आणि ती आमच्याच मुलखाची लेक. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली आणि हस्तीमल यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया यांनी ती वाढवली. १९७२ साली लुना बाजारात आली. मूळ बांधणी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडची, परवाना घेऊन इथे आणलेली. इंजिन ५० सीसी, टू-स्ट्रोक. ‘चाओ’ म्हणजे इटालियन माणसाचा येता-जाताचा रामराम. ‘लुना’ म्हणजे चंद्र. नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्याने हा चंद्र घरोघरी नेला.

ते वर्ष विसरता येत नाही. १९७२ म्हणजे दुष्काळ. नगर जिल्ह्यात माणसे खडी फोडत होती, नालाबांध घालत होती, दुष्काळी कामांवर रस्ते तयार करत होती. स्कूटरसाठी नाव नोंदवले तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळात सायकलीच्या थोडे पुढे, स्कूटरच्या बरेच मागे, अशी एक जागा मोकळी होती. पाऊस परतला, कालव्यांचे पाणी फिरले, संकरित गाई आल्या, दुधाचा धंदा वाढला आणि दुष्काळात हातांनी घडवलेल्या त्याच कच्च्या रस्त्यांवरून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली लुना डेअरीकडे निघाली.

आता तिचे रूप पाहा. दुरून पाहणाऱ्याला सायकल वाटावी, नुसते ऐकणाऱ्याला मोटारसायकल. समोरचा सांगाडा खाली वळवलेला, त्यामुळे पाय उंच टाकावा लागत नाही. नऊवारीतल्या आजीला मागे बसता येई आणि शाळेतल्या बाईंना साडी सावरून स्वतः चालवता येई. गिअर नाही, क्लच हाताने दाबायचा नाही. चालवणाऱ्याकडे शहाणपण मागायचे ते फक्त ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरपुरते.

पण तिचे मर्म पायडलात आहे. स्टँडवर चढवायची, पायडल मारायचे, चाक हवेत फिरते, आणि मग इंजिन ‘फट्-फट्’ करत बोलू लागते. त्याची पहिली ठिणगी माणसाच्या पोटरीतून येते. पेट्रोल संपले, की इंजिन सोडवून ठेवायचे आणि सायकलीसारखे पायडल मारत घर गाठायचे. बहुतेक यंत्रे बंद पडली की माणसाला वाटेत टाकून देतात. लुना बंद पडली की माणसाच्या हवाली होते. तुझे बळ मला दे, मी तुला पोचवते, हा तिचा करार. चरकाभोवती फिरणाऱ्या बैलाकडे पाहत मला हेच जाणवले: इथेही बळ कोणाचे आणि काम कशाचे, हे उघड दिसते.

तिच्या उणिवाही रसिकाने मान्य कराव्यात. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागे, धूर निळसर येई, प्लगवर काजळी धरे. चढावर मागच्याला उतरावे लागे, नाहीतर चालवणाऱ्याला पायडलांची मदत द्यावी लागे. पुढे टीएफआर, डबल प्लस, सुपर, मॅग्नम अशी तिची भावंडे आली. पण याच उणिवांपायी मुलाच्या हातात प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा देऊन, काजळी घासायला शिकवणारे वडील या परिसरात घरोघरी होते. कित्येकांचे यंत्रशिक्षण तिच्याच अंगणात झाले.

१९८०च्या दशकात जाहिरातकार पीयूष पांडे यांच्या ‘चल मेरी लुना’ जाहिरातीने तिला देशभर ओळख दिली. त्या तीन शब्दांत तिचा स्वभाव नेमका सापडला आहे. शेतकरी बैलाशी जसा बोलतो, तसेच तिच्याशी बोलायचे. हुकूम नाही, हाक आहे.

रस संपवून मी शिंगणापुरात गेलो. उघड्या चौथऱ्यावर शनिदेवाची साडेपाच फुटांच्या आसपासची काळी शिळा, वर छत नाही. तेलाचा अभिषेक चाललेला. गावातल्या जुन्या घरांना चौकट आहे, कवाड नाही. २०११ साली युको बँकेनेही इथे कुलपाविना शाखा उघडली. कवाड नसलेले घर शेजाऱ्यावर आणि देवावर विसंबून उभे असते. पायडल ठेवलेले यंत्र चालवणाऱ्यावर विसंबून उभे असते. दोन्हींत संरक्षणाआधी भरवसा येतो.

परतताना रसवंतीपाशी थांबलो. लुनाचा मालक आला होता, कॅरिअरवर सरकीच्या पेंडीचे पोते बांधत होता. पट्टा ओढला, स्टँडवर चढवली, पायडल मारले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती बोलली. निळा धूर सोडत ती डांबरी रस्ता ओलांडून समोरच्या पांदीत उतरली. उसाआड दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ वस्तीच्या दिशेने जात राहिला.