बाहुलीच्या घरचें सामान

ह्या मासिकाच्या परीक्षणाच्या पानांत काव्यें, कादंबऱ्या, नाटकें आणि क्वचित् एकादा व्याकरणग्रंथ ह्यांचाच समाचार आम्ही आजवर घेत आलों. आज एक चहाचें टेबल, दोन खुर्च्या, एक पलंग आणि एक कपाट ह्यांचा समाचार घेण्याचें योजिलें आहे. आणि हें सगळें सामान एका अठरा इंच उंचीच्या बाहुलीचें आहे. वाचकांनीं हंसण्यापूर्वीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, आपल्या मुलीच्या हातीं पडणारें पुस्तक आपण चाळून पाहतों, त्यांतील मजकुराची चौकशी करतों; परंतु जें खेळणें ती चार-पांच वर्षें रोज हाताळते, त्याचा रंग विषारी नाहीं ना, एवढें पाहिलें कीं आपली चौकशी संपते. खेळण्यालाही मजकूर असतो.

गेल्या उन्हाळ्यांत न्यू जर्सीस आमच्या पुतणीच्या बिऱ्हाडीं दीड महिना राहण्याचा योग आला. तिची नऊ वर्षांची कन्या आमच्याशीं चांगलें मराठी बोलते. तिची बाहुली मात्र मराठी नव्हे. ती १७७४ सालची, व्हर्जिनिया प्रांतांतील विल्यम्सबर्ग गांवची, एका दुकानदाराची मुलगी असून तिचें नांव फेलिसिटी मेरिमन आहे. 'अमेरिकन गर्ल' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मालिकेंतील ही बाहुली. प्लेझंट रोलंड ह्या बाईंनीं ही मालिका १९८६ सालीं सुरू केली. बाई पूर्वीच्या शिक्षिका आणि पाठ्यपुस्तकांच्या लेखिका. विल्यम्सबर्ग येथें जुनें गांव जसेंच्या तसें उभें केलेलें आहे, तें पाहून त्यांस वाटलें कीं, इतिहास मुलींच्या हातीं द्यावयाचा तर तो पुस्तकाबरोबर बाहुली, तिचे कपडे आणि तिच्या घरचें सामान ह्या रूपानें द्यावा. पहिल्या तीन बाहुल्या अनुक्रमें १८५४, १९०४ आणि १९४४ ह्या सालच्या मुली होत्या. फेलिसिटी १९९१ मध्यें आली. १९९८ सालीं मॅटेल कंपनीनें सत्तर कोटि डॉलर देऊन हा सारा संसार विकत घेतला. बाहुल्या मधून मधून बाजारांतून काढून घेतल्या जातात आणि निमित्तानें पुन्हा आणल्या जातात. २०२१ मध्यें पस्तीस वर्षें झाल्याच्या निमित्तानें पहिल्या सहा बाहुल्या पुन्हा विक्रीस आल्या होत्या. मधल्या काळांत ज्या मुली मोठ्या झाल्या त्या आतां स्वतःसाठीं जुनें सामान हुडकीत फिरतात आणि त्यांच्यामुळें जुन्या मालाच्या बाजारांत ह्या चिमुकल्या खुर्च्यांस खऱ्या खुर्च्यांचे भाव येतात. आमच्या पुतणीनेंही हें सामान असेंच दुसऱ्याच्या घरून घेतलेलें.

प्रथम टेबलाविषयीं. तें गोल आहे. त्यास मधोमध एकच खांब आणि खालीं तीन पाय आहेत. वरचें तबक असें बसविलें आहे कीं, बोटानें उचलतांच तें उभें राहतें आणि टेबल भिंतीशीं सरकवून ठेवतां येतें. पाहणारास ही नुसती गंमत वाटेल. परंतु अठराव्या शतकांतील घराचें अर्धें व्याकरण ह्या एका बिजागरींत आहे. जेवण्याची खोली निराळी, बसण्याची निराळी, ही वाटणी त्या काळीं साधारण घरांत आजच्याइतकी पक्की झालेली नव्हती. एकाच दालनांत सकाळीं न्याहारी, दुपारीं शिवणकाम, सायंकाळीं चहा आणि पाहुणे जमले तर नाच. तेव्हां सामान भिंतीच्या कडेनें मांडावें, गरजेपुरतें मध्यें ओढावें, काम झालें कीं परत कडेस लावावें, असा रिवाज असे. तीन पायांचेंही तसेंच. चार पायांचें टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगतें. तीन पाय कसेही टेकले तरी डुगडुगत नाहींत. हें भूमितीचें तत्त्व आम्हीं नातीस सांगितलें नाहीं. एके दिवशीं तिनें बाहुलीचें घर गालिच्याच्या कडेवर मांडलें, खुर्ची अर्धी गालिच्यावर, अर्धी जमिनीवर, टेबलही तसेंच. खुर्ची हालूं लागली, टेबल हाललें नाहीं. ती बराच वेळ दोहोंचे पाय मोजीत बसली. मग तिनें तबक उभें केलें, टेबल कडेस सारलें आणि म्हणाली, "आतां खोली मोकळी झाली, आजोबा." दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींच्या गृहिणीच्या मनांत आलें असेल तेंच हें वाक्य, आणि तें शिकविण्यास कोणताही अध्यापक लागला नाहीं.

ह्या कसोटीवर पलंग उतरत नाहीं. तो देखणा आहे. चार कोपऱ्यांस चार उंच खांब आहेत, छायाचित्रांत तोच सर्वांत उठून दिसतो. परंतु बाहुली निजविली, पांघरूण घातलें, कीं त्याचें काम संपलें. त्या काळीं पलंग आणि त्यावरचें वस्त्रसाहित्य ही बहुधा घरांतील सर्वांत किंमती चीज असे, पडदे हिंवाळ्यांत ऊब धरीत, दोऱ्यांनीं विणलेले पलंग सैल पडले म्हणजे लांकडी किल्लीनें आवळावे लागत. ह्यांतील एकही गोष्ट ह्या सुबक खांबांवरून मुलीस कळत नाहीं. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष खटकली. तेव्हांच्या श्रीमंत घरांत पलंगावर पुष्कळदां कारोमांडल किनाऱ्यावरील चितारलेलें कापड असे. त्यास इंग्रजींत पॅलंपोर म्हणत. हा शब्द म्हणजे आपला पलंगपोसच होय, आणि चिंट्झ हा शब्द आपल्या छिटाचा सखा भाऊ. इंग्लंडांत ही छिटें वापरण्यास १७२१ च्या कायद्यानें बंदी झाली, परंतु वसाहतींत पाठविण्यास मुभा राहिली. म्हणून तीं अमेरिकेंत पोंचलीं. न्यू जर्सीतील एका मराठी मुलीस 'ही चादर तुझ्याकडची आहे' असें सांगण्याची केवढी संधि येथें होती! असो. कपाटाविषयीं थोडेंच. 'खऱ्या कपाटांत हँगर असत का?' असें नातीनें विचारलें. नसत, कपडे घडी करून फळ्यांवर ठेवीत. तिच्या पणजीची ट्रंकही तशीच होती, असें तिच्या आईनें सांगितल्यावर त्या कपाटाचा मान घरांत वाढला.

पुन्हा टेबलाकडे येतों, कारण कथेचें सारें नाट्य त्यावर घडतें. व्हॅलेरी ट्रिप ह्यांनीं फेलिसिटीच्या कथा लिहिल्या आहेत. बापानें तत्त्वाखातर दुकानांत चहा विकणें बंद केलें आहे, मुलगी मात्र शिष्टाचार शिकण्यास जेथें जाते तेथें चहा हाच मुख्य धडा. शेवटीं ती आपला पेला पालथा घालून चहा नाकारते. बोस्टन बंदरांत १६ डिसेंबर १७७३ रोजीं चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या, त्याची ही घरगुती आवृत्ति. प्रसंग चांगला साधला आहे. परंतु तो चहा चीनचा असला तरी माल कोणाचा होता? ज्या कंपनीनें १७६५ त बंगालची दिवाणी घेतली होती, तिचाच. आणि फेलिसिटी पेला पालथा घालते त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १७७४ मध्यें, त्याच कंपनीच्या मुंबईकर फौजेनें मराठ्यांचा ठाण्याचा किल्ला घेतला. सवाई माधवराव तेव्हां आठ महिन्यांचे होते. आम्हीं हें नातीस सांगितलें तेव्हां तिनें बाहुलीच्या हातांतील पेला काढून घेतला आणि कितीतरी वेळ परत दिला नाहीं.

येथवर आम्ही स्तुतीच अधिक केली. आतां मुख्य आक्षेप सांगितला पाहिजे. हें सामान काळाशीं प्रामाणिक आहे, परंतु त्या काळच्या माणसांशीं नाहीं. टेबल आहे, तें पुसणारा हात नाहीं. विल्यम्सबर्ग गांवच्या वस्तीपैकीं त्या वेळीं निम्म्याहून अधिक माणसें कृष्णवर्णीय होतीं, आणि त्यांतील बहुतेक सर्व गुलाम. मेरिमनांच्या घरीं राबणारीं अशीं माणसें कथेंत येतात, पण कडेकडेनें. खरें पाहतां तीं टेबलाच्या आंतच आहेत. त्या गांवांत अँथनी ह्या नांवाचा, हे आडनांवाचा, एक नामांकित सुतार होता. आज पुनः उभारलेल्या गांवांत त्याचा कारखाना दाखवितात. १७७० त तो वारला तेव्हां त्याच्या मालमत्तेबरोबर गुलाम माणसेंही विक्रीस निघालीं, आणि त्यांत लांकूडकाम उत्तम जाणणारा एक कारागीर होता. म्हणजे ज्या टेबलाची ही प्रतिमा आहे, तसें टेबल घडविणारा माणूस स्वतःच सामानाच्या यादींत होता! नऊ वर्षांच्या मुलीस हें सांगावें काय, असा प्रश्न येईल. आम्हांस वाटतें, सांगावें. ज्या मुलीस चहाच्या पेट्यांचें राजकारण कळतें, तिला हेंही कळतें.

कंपनीस हें अगदींच सुचलें नव्हतें असें नाहीं. १९९३ सालीं ॲडी वॉकर ही बाहुली आली. ती गुलामगिरींत जन्मलेली, १८६४ सालीं आईबरोबर पळून फिलाडेल्फियास पोंचलेली मुलगी. तिची कथा कॉनी पोर्टर ह्यांनीं लिहिली आणि तींत कांहीं लपविलेलें नाहीं. परंतु ती निराळ्या पेटींत, निराळ्या शतकांत आहे. एका शनिवारीं शेजारची मैत्रीण आपली ॲडी घेऊन खेळावयास आली. दोघींनीं क्षणाचाही विचार न करितां ॲडीस फेलिसिटीसमोरच्या खुर्चींत बसविलें. दोघींमध्यें नव्वद वर्षांचें अंतर आहे, असें आम्हीं अध्यापकी संवयीनें म्हटलें. मैत्रिणीनें उत्तर दिलें, "पण खुर्ची तर रिकामी होती." ह्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर अजूनही कांहीं सुचलेलें नाहीं.

दुसऱ्याच्या घरांतील केर दाखविणें सोपें असतें. आपल्याकडे ही जागा भातुकलीनें भरून काढली होती. पितळेची किंवा सावंतवाडीच्या लांकडाची ती चूल, जातें, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, बंब. तींत बसण्याची वस्तु जवळजवळ नाहींच, सगळ्या राबण्याच्या. फेलिसिटीच्या घरीं काम दिसत नाहीं आणि भातुकलींत विश्रांति दिसत नाहीं. आमच्या आज्यांनीं आणि आयांनीं ह्या खेळांतून संसाराचें ओझें लहानपणींच उचललें, हा त्या खेळाचा दोष. परंतु पीठ कोठून येतें, ह्याविषयीं त्यांच्या मनांत कधीं भ्रम राहिला नाहीं, हा गुण. उद्यां कोणी हौशी कारखानदार पेशवाईंतील वाड्याचें असेंच खेळणें काढील. तो काय काय घडवील, हें आम्ही आजच सांगूं शकतों: झोपाळा, चौरंग, समया, लोड-तक्के, देव्हारा, आणि नथ घातलेली बाहुली. त्या वाड्यांतून दळण-कांडण करणाऱ्या, विकत घेतलेल्या कुणबिणी होत्या. दप्तरांत त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. तिच्यासाठीं एक कोपरा त्या खेळण्यांत असेल काय? विल्यम्सबर्गच्या टेबलावर आम्हीं जो आक्षेप घेतला, तो घेण्याचा अधिकार आम्हांस त्या कोपऱ्यानेंच मिळेल.

किंमतीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. एकेका बाहुलीसच शंभर डॉलरांवर पडतात, सामान त्याशिवाय. ह्याच मालिकेंत किट किट्रेज नांवाची १९३४ सालची मुलगी आहे. मंदीमुळें तिच्या घरीं भाडेकरी ठेवावे लागतात आणि तिला माळ्यावर निजावें लागतें. त्या दारिद्र्याचें सामानही तितकेंच महाग मिळतें, ह्यांतील विनोद विक्रेत्यांच्या लक्षांत आलेला दिसत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या आप्तांकरवीं हें सामान मागविण्याची चाल अलीकडे कांहीं घरांत दिसूं लागली आहे, म्हणून आमचें मत स्पष्ट लिहितों. पलंग घेऊं नये. कपाट स्वस्तांत मिळाल्यास घ्यावें. टेबल आणि दोन खुर्च्या मात्र अवश्य घ्याव्या, जुन्या मिळाल्या तरी चालतील. तबकाची बिजागरी सैल नाहीं ना, एवढें पाहून घ्यावें. आमच्या पुतणीनें दिवाळींत पुण्यास येण्याचें ठरविलें आहे, आणि तिच्या आईची पितळी भातुकली माळ्यावरून काढून, चिंचेनें घांसून ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. जात्याचा खुंटा मोडला आहे; तो बसवून देणारा तांबट अद्याप मिळावयाचा आहे.