फॅरेडेची मेणबत्ती आणि श्रोत्याची वही

चांगले व्याख्यान ऐकून उठताना ‘सगळे समजले’ असे वाटते. हे वाटणे कितपत खरे असते? आज आपण एका प्रसिद्ध व्याख्यानमालेच्या आधारे हे तपासून पाहू.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय एकच, मेणबत्ती. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केल्यावर ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. फॅरेडे तेव्हा ६९ वर्षांचे होते.

या व्याख्यानांचे मोठे बळ म्हणजे त्यांतला क्रम. फॅरेडे व्याख्येने सुरुवात करत नाहीत. ते आधी जळती मेणबत्ती दाखवतात आणि साधे प्रश्न विचारतात. मेण वितळते, पण वाटीत साचून का राहते? ज्योतीमुळे वर चढणारी हवा मेणबत्तीची कड थंड ठेवते, म्हणून. ते वातीतून वर कसे चढते? यासाठी ते मिठाच्या खांबातून चढणारे निळे द्रावण दाखवतात आणि भांड्याच्या काठावर राहिलेल्या ओल्या टॉवेलची आठवण देतात. मग मेणबत्ती विझवून, वातीपासून दोन-तीन इंचांवर, तिच्या धुरात जळती काडी धरतात. आग त्या धुरातून धावत वातीपर्यंत पोहोचते. जळते ती मेणाची वाफ, हे आता सांगावे लागत नाही. आपल्या वर्गांत आपण नेमके उलटे करतो. आधी समीकरण, मग उदाहरण, आणि वेळ उरला तर प्रयोग. मीही अनेक वर्षे ज्वलन असेच शिकवले आहे.

दोषही सांगायला हवा. तिसऱ्या ते पाचव्या व्याख्यानात पाणी, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हवा यांचे इतके प्रयोग येतात की मेणबत्ती बराच वेळ नजरेआड होते. सभागृहात डोळ्यांसमोर भडका उडत असताना ते खपून गेले असेल. पुस्तकात मात्र ‘हे पाहा’ म्हटले की आपल्याला फक्त कागद दिसतो. बोललेला शब्द छापला की त्यातला अर्धा आधार निघून जातो. व्याख्यानाचे पुस्तक वाचताना ही तूट वाचकाने स्वतः भरून काढायची असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सहाव्या व्याख्यानात श्वसन आणि ज्वलन यांची तुलना आहे. माणूस २४ तासांत सुमारे ७ औंस कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो, असे फॅरेडे सांगतात. पुढे म्हटले आहे की एकट्या लंडनमध्ये श्वसनातून दिवसाला ५०,००,००० पौंड, म्हणजे ५४८ टन, एवढा हा वायू तयार होतो. हा उतारा मी वर्गात कितीदा वाचून दाखवला असेन. एका वर्षी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, यात टन कुठला धरला आहे?” “जुना टन वेगळा असेल,” असे मी ठोकून दिले. संध्याकाळी घरी हिशेब केला आणि वरमलो.

तुम्हीही करून पाहा. इंग्लिश टन २,२४० पौंडांचा. ५०,००,००० ला २,२४० ने भागले की सुमारे २,२३२ येतात. ५४८ कुठून आले? १८६१ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती. माणशी ७ औंस धरले तर १,९६,००,००० औंस होतात, म्हणजे १२,२५,००० पौंड, म्हणजे सुमारे ५४७ टन. तेव्हा ५४८ हा आकडा कार्बनचा दिसतो, वायूचा नव्हे. १२ भाग कार्बनपासून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो, त्या प्रमाणात वायू सुमारे २,००० टन, म्हणजे साधारण ४५ लाख पौंड भरतो. पौंडांचा आकडा वायूच्या जवळ जातो, टनांचा कार्बनच्या. दोन वेगळ्या पदार्थांची वजने एका ‘म्हणजे’ने जोडली गेली आहेत.

चूक बोलण्यातली असो, टिपून घेण्यातली असो वा छपाईतली, तिने फॅरेडे लहान होत नाहीत. प्रश्न आपला आहे. व्याख्यान इतके ओघवते आहे की आपण भागाकार करायचाच विसरतो. वक्ता जितका चांगला, तितका हा धोका मोठा. आणि तो केवळ विज्ञानापुरता नाही. इतिहासाच्या व्याख्यानात एखाद्या घटनेमागे एकच कारण सांगितले, अर्थशास्त्राच्या व्याख्यानात टक्केवारी सांगितली, की ‘हे कशावरून?’ आणि ‘कशाचे टक्के?’ हे प्रश्न टाळ्यांच्या आधी यायला हवेत.

फॅरेडे स्वतः असेच श्रोते होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, १८१२ मध्ये, त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली. सविस्तर टिपणे काढली, ती नीट लिहून, बांधून डेव्हींकडे पाठवली. १८१३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रासायनिक साहाय्यकाची जागा मिळाली. नुसते भारावून घरी गेले असते, तर मेणबत्तीवरची व्याख्याने झालीच नसती.

तुम्ही आज व्याख्याने मोबाइलवर, कधी दीडपट वेगाने ऐकता. हरकत नाही. पण शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक व्याख्यानातला निदान एक आकडा किंवा एक दावा थांबून स्वतः पडताळा. तो बरोबर निघाला तर तो तुमचा झाला. चुकीचा निघाला तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून विचारा. शिक्षक क्षणभर अडखळतील. अडखळू द्या. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी तो उतारा फळ्यावर हिशेब मांडल्याशिवाय शिकवत नाही.