ऐकणाऱ्याचा चेहरा

नाटकावरून चित्रपट करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली धडपड सुरू होते ती घराबाहेर पडण्याची. दिवाणखान्यात घडलेलं सगळं नदीकाठी, घाटात, गर्दीत नेलं आणि संवादांना कात्री लावली, की माध्यमांतर झालं अशी समजूत आहे. मला ती मुळीच पटत नाही. रंगमंचावर जो बोलतो तो नजर ओढून घेतो. ऐकणाऱ्याचा चेहरा मागच्या रांगांतून धड दिसतही नाही. कॅमेरा मात्र त्या चेहऱ्यापाशी थांबू शकतो. नाटकाला चित्रपटाकडून मिळण्याजोगं सर्वांत मोलाचं काही असेल, तर ते हेच.

महेश एलकुंचवारांच्या नाटकावर गोविंद निहलानींनी १९८४ साली हिंदीत केलेला ‘पार्टी’ पाहा. एक बंगला, एक रात्र, नाटककार दिवाकर बर्वे यांना पुरस्कार मिळाल्याची मेजवानी. निहलानी मुळात छायालेखक. बाहेर पडायला त्यांना कोण अडवणार होतं? पण ते घरातच राहिले. आदिवासींमध्ये काम करायला निघून गेलेला कवी अमृत या मेजवानीला नाही, आणि बोलणं फिरून फिरून त्याच्यावरच येतं. त्याचं नाव निघालं की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त उघडे पडतात. रोहिणी हट्टंगडींची मोहिनी तर न बोलताही बर्व्यांच्या संसाराचा सगळा हिशेब मांडते. शेवटी रक्ताळलेला अमृत पडद्यावर दिसतो, तिथे मात्र मी अडतो. रात्रभर ज्याला इतरांच्या चेहऱ्यांवर पाहिलं, त्याला प्रत्यक्ष दाखवायची गरज नव्हती.

‘नटसम्राट’ची अडचण वेगळी. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या या नाटकात अप्पासाहेब बेलवलकरांची स्वगतं थेट प्रेक्षागृहाला उद्देशून होती, डॉ. श्रीराम लागूंसमोर हजार कान असत. पडद्यावरचा माणूस असा कोणाशी बोलणार? २०१६च्या चित्रपटाने त्यावर फार चांगला उपाय शोधला: मूळ नाटकात नसलेला रामभाऊ. विक्रम गोखले समोर असतात तेव्हा नाना पाटेकरांच्या शब्दांना उतरायला जागा मिळते. दोन म्हातारे नट एकमेकांना जोखत, जपत ऐकतात, ते प्रसंग मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत खरे वाटतात. मुलांच्या घरात गेल्यावर मात्र कोणाची कीव करायची आणि कोणाचा राग, हे चित्रपटच ठरवून टाकतो.

‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ऐकणं हाच विषय आहे. १९६७च्या नाटकात वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब स्वतः गायचा; गळा आणि अभिनय एकाच देहात होते, धोकाही त्याचाच. २०१५च्या चित्रपटात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि आवाज राहुल देशपांड्यांचा. गाणं देखणं झालं, नव्या पिढीपर्यंत पोचलं, याचा मला आनंदच आहे. पण सूर लागेल की नाही ही धाकधूक गेली. शंकर महादेवन स्वतःच्याच गळ्याने गातात, तिथे ती थोडी परत येते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९७१ साली सत्यदेव दुब्यांनी पडद्यावर आणलं, तेव्हाही सुलभा देशपांडेच बेणारे होत्या. नाटकात बेणारेच्या अखेरच्या भाषणाच्या वेळी बाकीचे सगळे थिजतात. तिचं ऐकणारं मंचावर कोणीच उरत नाही. नाटकात सहज खपणारा हा संकेत वास्तवाला चिकटलेल्या कॅमेऱ्यापुढे कसोटीचा होतो.

२०२५च्या ‘संगीत मानापमान’पर्यंत येता येता आपण गाजलेल्या नावांच्या आणि नाट्यपदांच्या भरवशावर फारच विसंबू लागलो आहोत. पुण्याई जुन्यांची, भपका नवा. त्यापेक्षा कोणीतरी ‘वाडा चिरेबंदी’तल्या तेराव्यापर्यंतच्या दिवसांकडे वळावं. अंगणातला गंजका ट्रॅक्टर दाखवायचा मोह होईलच. पण त्या घरात चंदू आहे, जो राबतो आणि फारसं बोलत नाही. वाटणीची, दागिन्यांची बोलणी चालू असताना कॅमेरा त्याच्यावर ठेवायची हिंमत असलेला दिग्दर्शक मला हवा आहे.