मराठी कादंबरीतील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि रोजची ये-जा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी कादंबरीने महाविद्यालयीन जीवनाचे चित्रण आवडीने केले आहे. तथापि, रोज सकाळी गावाहून शहरात जाणारा आणि संध्याकाळी परतणारा विद्यार्थी त्या चित्रणाच्या केंद्रस्थानी क्वचितच आलेला दिसतो. जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. आंबेगावातील पारगावच्या विद्यार्थ्याला पुण्यास जावयाचे तर प्रथम मंचर गाठावे लागते. तेथून पुढे राजगुरुनगर, चाकण असा पुणे-नाशिक महामार्गाचा प्रवास असतो. अशा विद्यार्थ्याला वाचक मानून ‘कोसला’, ‘दुनियादारी’ व ‘झोंबी’ या साहित्यकृतींकडे पुन्हा पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसतिगृह आणि कट्टा :

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास येतो आणि वसतिगृहात राहतो. खोली, मेस, गॅदरिंग, मित्रांसमवेतची भटकंती यांतून त्याचे जग आकारास येते. त्याच्या अनुभवातील निरर्थकतेची चर्चा समीक्षेने प्रामुख्याने अस्तित्ववादाच्या अंगाने केली. परंतु ही निरर्थकता जाणवण्यासाठी रिकामा वेळ लागतो आणि तो वेळ वसतिगृहाने पुरविलेला आहे, ही बाब दुर्लक्षित राहिली. सुहास शिरवळकर यांच्या ‘दुनियादारी’त (१९८२) वसतिगृहाच्या जागी कट्टा येतो. दोन्ही कादंबऱ्यांचा पिंड भिन्न असला, तरी तास संपल्यानंतरचा वेळ विद्यार्थ्याच्या मालकीचा असतो, हे गृहीतक समान आहे.

शेवटच्या एस.टी.वर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्याला हे गृहीतक लागू पडत नाही. सांगवीकर अखेरीस एकदाच गावी परततो आणि त्या परतण्याला पराभवाचा अर्थ प्राप्त होतो. पारगावचा विद्यार्थी मात्र रोज परततो. त्याचे परतणे हा शिक्षणाचा शेवट नसून शिक्षण चालू राहण्याची अट आहे.

वेळेचा संघर्ष :

या विद्यार्थ्याला जवळची साहित्यकृती म्हणजे आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) होय. शेतातील काम आणि शाळा यांमधील वेळेची ओढाताण हाच तिचा गाभा आहे. मात्र ती शालेय शिक्षणाच्या टप्प्यावर थांबते.

हा अभाव केवळ लेखकांच्या अनास्थेतून आला, असे म्हणणे एकांगी ठरेल. कादंबरीला दीर्घ सहवास हवा असतो. प्रवासात तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. तरीही ही जीवनपद्धती नवी नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे मूलतः निवासी नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. म्हणजे विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे वेळापत्रक बदलण्याची जाण शिक्षणसंस्थेला होती. साहित्याने मात्र तिची पुरेशी दखल घेतली नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. करोनानंतर महाविद्यालये नुकतीच उघडत होती. पण केवळ एस.टी.च्या पासवर विसंबणाऱ्यांसाठी ती उघडूनही दूरच राहिली. कादंबरीस पुरेल एवढे नाट्य या घटनेत निश्चितच आहे.

निष्कर्ष :

साहित्यातील चित्र हळूहळू मोजमापाचे साधन बनते. गॅदरिंगच्या तालमीस न थांबणारा, व्याख्यान संपण्यापूर्वी उठणारा विद्यार्थी ‘उदासीन’ ठरविला जातो, तेव्हा त्या निर्णयामागे वसतिगृह व कट्टा यांनी घडविलेली विद्यार्थी-प्रतिमा उभी असते. त्याच्या उठण्यामागे अनास्था नसून गाडीची वेळ असू शकते. ‘कोसला’चे वाङ्मयीन मोल यामुळे उणावत नाही, परंतु सांगवीकर हा महाविद्यालयीन तरुणाचा एकमेव प्रतिनिधी नव्हे, हे स्पष्ट होते. वर्गात ही कादंबरी शिकविताना समोरच्यांपैकी कितीजण रोज ये-जा करतात, हे अध्यापकाने आधी विचारून घेतले, तर सांगवीकराच्या रिकामेपणावरील चर्चेला वेगळे वळण मिळेल. ज्यांना तसे रिकामेपण कधी लाभलेच नाही, त्यांचे वाचनही मग समीक्षेच्या कक्षेत येऊ शकेल.