प्रथिन-फॉस्फॅटेज आणि ‘पुसण्या’ची कल्पना

प्रथिनांवर फॉस्फेट-गट चढविणे आणि तो उतरविणे या दुहेरी क्रियेने पेशीतील असंख्य व्यवहारांचे नियमन होते, हे आज पदवीच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु या दोन क्रियांना आपल्या अध्यापनात समान प्रतिष्ठा लाभलेली नाही. फॉस्फेट चढविणारे कायनेज नियामक मानले जाते. तो उतरविणारे फॉस्फॅटेज मात्र फळा पुसणाऱ्या शिपायाच्या पंक्तीस बसविले जाते. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे फळ्यावर वरचा बाण ठसठशीत काढून त्यावर कायनेजचे नाव लिहिले आणि खालचा बाण निनावी सोडला, हे कबूल केले पाहिजे. ही कल्पना कोठून आली आणि ती कितपत टिकते, याची परीक्षा करणे हा या टिपणाचा हेतू आहे.

इतिहासक्रम पाहिला, तर अग्रमान फॉस्फॅटेजचाच ठरतो. सेंट लुईस येथे कार्ल व गर्टी कोरी हे दांपत्य स्नायूंतील ग्लायकोजेनचे विघटन करणाऱ्या फॉस्फोरिलेजचा अभ्यास करीत होते. या एन्झाइमाची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन रूपे त्यांना आढळली. ‘बी’ रूप ॲडेनिलिक आम्लावाचून काम करीत नसे. ‘ए’ रूपास त्याची गरज भासत नसे. ‘ए’चे ‘बी’ करणारे एक एन्झाइमही १९४३ च्या सुमारास हाती लागले. त्यावरून असे अनुमान निघाले की, ‘ए’ रूपात ॲडेनिलिक आम्ल घट्ट जोडलेले असावे आणि हे नवे एन्झाइम ते काढून टाकीत असावे. एन्झाइमाचे नावही त्याच अर्थाचे ठेवण्यात आले. सुटलेले ॲडेनिलिक आम्ल मात्र सापडेना. पुढे १९५५-५६ मध्ये सिॲटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी स्नायूंवर, आणि अर्ल सदरलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतावर काम केले, तेव्हा उलगडा झाला : सुटत होता तो साधा फॉस्फेट. तात्पर्य, कायनेज सापडण्यापूर्वी सुमारे बारा वर्षे फॉस्फॅटेज परीक्षानळीत आपले काम बजावीत होते. त्याचे काम कोणते, एवढेच कळले नव्हते.

मग हे दुय्यमत्व आले कोठून? आमच्या मते त्याचे मूळ बऱ्याच अंशी शुद्धीकरणाच्या पद्धतीत आहे. १९७० नंतरच्या दशकात यकृताच्या अर्कास अल्कोहोलची प्रक्रिया देऊन सुमारे ३५,००० रेणुभाराचे एक क्रियाशील प्रथिन मिळविण्यात येई. ते दिसेल त्या प्रथिनावरील फॉस्फेट उतरवी. यावरून फॉस्फॅटेजना विवेक नाही, असा समज दृढ झाला. वस्तुतः ज्या घटक-प्रथिनांमुळे त्यांना विवेक प्राप्त होतो, ती या प्रक्रियेतच गळून पडत होती. सुकाणू काढून घ्यावे आणि मग नाव भरकटते अशी तक्रार करावी, तशातला हा प्रकार. पेशीत हेच उत्प्रेरक भाग निरनिराळ्या सहचर प्रथिनांशी बांधलेले असतात. ‘पीपी-१’ या एकाच फॉस्फॅटेजचे असे सहचर दोनशेच्या आसपास आहेत.

संख्येचा आक्षेपही याच दृष्टीने तपासला पाहिजे. २००२ मध्ये मानवी जनुकसंचात कायनेजची ५१८ जनुके मोजण्यात आली, तर सेरीन-थ्रिओनीनवरील फॉस्फेट उतरविणाऱ्या उत्प्रेरक भागांची जनुके जेमतेम चाळिसाच्या घरात आहेत. मात्र ही विषमता उत्प्रेरकांपुरतीच आहे. सहचरांसह होणाऱ्या जोड्या मोजल्या, तर ती पुष्कळच ओसरते. टायरोसीनच्या बाबतीत तर पारडे उलट झुकते : कायनेज ९०, फॉस्फॅटेजच्या कुलातील जनुके शंभरावर.

‘पुसणे’ या शब्दात आणखी एक चूक दडलेली आहे. फॉस्फेट आपोआप झडून जाईलच, एन्झाइम केवळ घाई करते, असे त्यातून सूचित होते. २००३ मध्ये वुल्फेंडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या फॉस्फेट-एस्टरांच्या विघटनाचा वेग मोजला, तेव्हा नेहमीच्या तापमानास त्यांचा अर्धायुकाल सुमारे १०^१२ वर्षे भरला. विश्वाचे वय १.४ × १०^१० वर्षांहून किंचित कमी आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणजे फॉस्फॅटेज नसेल, तर पेशीच्या दृष्टीने फॉस्फेटची खूण अमरच म्हणावी लागेल.

शिवाय फॉस्फेट उतरणे म्हणजे काम थांबणे, हे समीकरणही खरे नाही. ग्लायकोजेन बांधणारे सिंथेज फॉस्फेट उतरल्यावर जागे होते. पेशीविभाजनाच्या प्रारंभी ‘सीडीसी-२५’ हे फॉस्फॅटेज ‘सीडीके-१’ या कायनेजवरील निरोधक फॉस्फेट काढते आणि त्यायोगे विभाजन सुरू होते. येथे कळ फॉस्फॅटेजच्या हाती आहे. ‘एसएचपी-२’ हे टायरोसीन-फॉस्फॅटेज वाढीचे संदेश पुढे नेण्यास साहाय्य करते. त्याची क्रिया वाढविणारे जनुकदोष नूनन विकारात आढळतात, हे २००१ मध्ये दिसून आले.

औषधशास्त्रात या पूर्वग्रहाची किंमत मोजावी लागली. फॉस्फॅटेजवर औषध लागू पडणार नाही, असा मतप्रवाह दीर्घकाळ प्रबळ होता. हे मत सर्वस्वी निराधार नव्हते : या एन्झाइमांच्या क्रियास्थानांत परस्परसाम्य फार, आणि टायरोसीन-फॉस्फॅटेजच्या क्रियास्थानात बसणारा विद्युत्भारित रेणू पेशीत सहजी शिरत नाही. तरीही अवयवरोपणात १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेले सायक्लोस्पोरीन कॅल्सिन्यूरिन या फॉस्फॅटेजलाच रोधते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. आक्षेप उच्चारला जात असतानाच त्याचे खंडन रुग्णालयांत रोज होत होते. २०१६ मध्ये ‘एसएचपी-२’वर प्रभावी ठरलेला एक रेणू प्रसिद्ध झाला, तो क्रियास्थानास स्पर्शही करीत नाही, तर उत्प्रेरक भाग आणि त्याबाहेरील नियामक भाग यांच्या सांध्यात बसून संपूर्ण प्रथिन मिटलेल्या अवस्थेत जखडून ठेवतो.