विद्यार्थ्यांचा ‘प्रकल्प’ : कादंबरीतला, चित्रपटातला आणि प्रयोगशाळेतला

महाविद्यालयीन जीवनावरील ललित वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा कलाशाखेच्या विद्यार्थ्याला धरून होत आला आहे. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, परीक्षा आणि एखादे अर्धेमुर्धे प्रेमप्रकरण एवढ्या सामग्रीवर ही कथा उभी राहते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यालयांत हे सर्व असतेच; परंतु त्याखेरीज आणखी एक गोष्ट असते, जी आमच्या शाखेत जवळजवळ नाही. ती म्हणजे अनेकांनी मिळून बनवावयाची वस्तू. तिला तेथे ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. आपण ‘प्रकल्प’ म्हणू. या वस्तूचे कलाकृतीत शिरल्यावर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी दोन कृती घेतल्या आहेत : चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ (२००४) ही इंग्रजी कादंबरी आणि तिच्या आधाराने निघालेला, राजकुमार हिरानी दिग्दर्शित ‘थ्री इडियट्स’ (२००९) हा हिंदी चित्रपट. दोहोंपैकी एकही मराठी नाही. तथापि पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने स्वतःची प्रतिमा ज्या आरशांत पाहिली, त्यांत हे दोन प्रमुख असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला ते टाळता येणार नाहीत.

कादंबरीबद्दल फार लिहावयास नको. दिल्लीच्या आय.आय.टी.तील हरी, आलोक आणि रायन या तिघांची ही कथा. रायनच्या डोक्यात इंजिनाच्या वंगणासंबंधी एक कल्पना आहे आणि प्रा. वीरा यांना तिच्यात तथ्य दिसते. लेखकाने मनात आणले असते, तर या वंगणाच्या धाग्यावर सबंध कादंबरी तोलता आली असती. परंतु कथानकाला खरी गती येते ती प्रश्नपत्रिका चोरण्याच्या प्रसंगाने. प्रयोगशाळेत रायन काय करतो, कोणते मिश्रण फसते, मोजणी कशी होते, याविषयी वाचकाच्या हाती काही लागत नाही. वंगण हे ‘हा मुलगा नालायक नाही’ एवढे पटवून देणारे प्रशस्तिपत्र ठरते. ग्रेड हाच ज्या कादंबरीचा शत्रू, तिने ग्रेडखेरीज दुसऱ्या कशाकडेही धीराने पाहू नये, ही गंमतच म्हणावयाची.

चित्रपटाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि अधिक गंभीरही. त्यात जॉय लोबो नावाचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी दुरून चालविता येणारे, कॅमेरा बसविलेले उडते यंत्र तयार करीत असतो. काम वेळेत होत नाही. तो मुदत वाढवून मागतो. संचालक सहस्रबुद्धे ती नाकारतात आणि त्याच्या वडिलांना फोन करून मुलगा यंदा पदवीधर होणार नसल्याचे कळवितात. इकडे रँचो मित्रांच्या सोबतीने ते अपुरे यंत्र पुरे करतो, ते उडते, जॉयच्या खिडकीपाशी जाते, आणि त्याच्याच कॅमेऱ्यातून जॉयने गळफास घेतल्याचे दिसते. यंत्राचे पहिले यशस्वी उड्डाण आणि त्याच्या कर्त्याचा मृत्यू एकाच चौकटीत आणणारा हा प्रसंग हिंदी चित्रपटांत दुर्मिळ अशा ताकदीचा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या प्रसंगाचा अर्थ लावताना चित्रपट एकच आरोपी उभा करतो : संचालक. रँचो त्याच्यावर हत्येचा ठपका ठेवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितो. येथे जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो विचारलाच जात नाही. जॉय एकटा का होता? अंतिम वर्षाचा प्रकल्प सामान्यतः तीन-चार जणांच्या गटाचा असतो. त्याला एक मार्गदर्शक असतो. कार्यशाळेत लेथवर काम करणारा कारागीर असतो. मागच्या तुकडीने टाकून दिलेले सुटे भाग असतात. जॉयच्या वाट्याला यांपैकी कोणीही आलेले नाही. संचालकाने त्याला मदत नाकारली हे खरे. पण पटकथेने त्याला सोबतीच दिला नाही, हेही तितकेच खरे. एकाकी प्रतिभावंत हे चित्रपटाचे गृहीतकृत्य आहे, आणि जॉय त्याचाच बळी आहे, असे आमचे मत आहे.

हे गृहीतकृत्य रँचोलाही सोडीत नाही. गुणांच्या शर्यतीविरुद्ध बोलणारा हा नायक वर्गात पहिला येतो. पुढे तो चारशे पेटंटांचा धनी असल्याचे उघड होते, आणि चतुर ज्या मोठ्या माणसाच्या सहीसाठी धडपडतो तो हाच निघतो. म्हणजे सहस्रबुद्धे आणि रँचो यांच्यात पहिला कोण ठरवावा, एवढ्यापुरताच मतभेद आहे. कोणीतरी एकच पहिला असतो, यावर दोघांचे एकमत आहे. प्रसूतीच्या प्रसंगी वसतिगृहातील मुले बॅटऱ्या उचलून आणतात, हा चित्रपटातील सामूहिक श्रमाचा एकमेव मोठा प्रसंग. परंतु तेथेही बुद्धी एकाची आणि हात बाकीच्यांचे अशीच वाटणी आहे. शेवटी लडाखच्या शाळेत स्कूटरवर चालणारी पिठाची गिरणी, सायकलवर चालणारे धुलाईयंत्र अशी गमतीची यंत्रे दिसतात. ती प्रत्यक्षात जळगावच्या एका रंगाऱ्याच्या आणि केरळमधील एका शाळकरी मुलीच्या कल्पकतेतून निघाली आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयावरील चित्रपटाला महाविद्यालयात तयार झालेले एकही असे यंत्र शेवटी दाखविण्याजोगे वाटू नये, यावरून आपल्या प्रकल्पांकडे पाहण्याची दृष्टी कळते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. पवईच्या आय.आय.टी.त २००७ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ नावाच्या उपग्रहाचे काम आरंभिले. सुमारे दहा किलो वजनाच्या या उपग्रहाने आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे मापन करावयाचे होते. त्याचे संदेश घेणारी भूस्थानके इतर महाविद्यालयांतही उभारावयाची होती. ‘प्रथम’ आकाशात गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी, पी.एस.एल.व्ही.-सी ३५ या अग्निबाणातून. त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ पी.एस.एल.व्ही.-सी ३४ मधून गेला होता. तोही विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांच्या हातून गेलेला.

तारखांकडे लक्ष द्यावे. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आणि ‘प्रथम’ नऊ वर्षांचा. ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच बाहेर पडले. २०१६ साली जे शेवटच्या वर्षाला होते, ते आरंभाच्या वेळी शाळेच्या सातवी-आठवीत असणार. अशा कामाचा कणा असतो तो हस्तांतराचा. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहून ठेवावयाचे : अमुक जोडणी का बदलली, कंपनचाचणीत काय सैल झाले, कोणता हिशेब दोनदा तपासावा. येणाऱ्याने ते वाचावयाचे, त्यावर अविश्वास दाखवावयाचा, पुन्हा तपासावयाचे. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? स्वतःच्या डोळ्यांनी ज्याचे उड्डाण विद्यार्थी म्हणून पाहावयास मिळणार नाही, अशा वस्तूसाठी विसाव्या वर्षी रात्री जागविणे, हा कोणत्याही कादंबरीला पुरून उरणारा विषय आहे. परंतु त्याला चार वर्षांत संपणारे कथानक आणि एकच नायक चालत नाही.

वारशाची एक दुसरी बाजूही या विद्यालयांत आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. ‘जी.टी. मारणे’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावा. काचेखाली दिवा लावून, वरच्या वर्गातील मुलाच्या आराखड्यावर आपला कोरा कागद ठेवून रेघा गिरवावयाच्या, याचे ते नाव. जर्नले अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरविली जातात, आणि ज्याला तेवढाही उत्साह नाही त्याच्यासाठी तयार प्रकल्प विकणारे आहेतच. (आमच्या शाखेतील प्रबंधांबद्दल येथे मौन पाळणे बरे.) वरच्या तुकडीकडून खाली काय येते, गिरविण्याचा आराखडा की तपासण्याची टिपणवही, या भेदावर संस्थेचा कस ठरतो. कादंबरीने प्रश्नपत्रिकेची चोरी रंगविली. परंतु हा भेद तिच्या नजरेस पडला नाही. सबमिशन, व्हायव्हा, ए.टी.के.टी. ही जी जिवंत, इंग्रजीमिश्रित बोली विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे, तिच्यात या भेदाची सगळी थट्टा आणि सगळी शरम साठलेली आहे. ती बोली मराठी कथेत अद्याप पुरेशी उतरलेली नाही.

असे लेखन मराठीला अपरिचित मात्र नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात गोत्यात येतो. हिशेब, उधाऱ्या, पंगती, सोबत्यांची फसवाफसवी अशा अगदी रुक्ष गोष्टींतून तेथे एका तरुणाचे जग आकार घेते, कारण लेखकाने रुक्षतेला कंटाळून तिला वळसा घातलेला नाही. पांडुरंगाच्या मेसमधून ‘प्रथम’च्या टिपणवहीकडे जाणारी वाट ‘थ्री इडियट्स’च्या वाटेहून जवळची आहे. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ (२०१२) या आत्मचरित्रात विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे दिवस मराठीत आले आहेत. परंतु ते एका गणितज्ञाचे, कागद आणि गुरू यांच्या सोबतीचे दिवस आहेत. कार्यशाळेतील कल्हईच्या वासाचे, अर्धवट वायरींचे आणि चौघांच्या भांडणाचे दिवस लिहावयाचे राहिले आहेत. ते लिहिणारा बहुधा आमच्या विभागातून येणार नाही. यंत्र विभागाच्या वसतिगृहात एखादा मुलगा किंवा मुलगी आज रोजनिशी लिहीत असेल, तर ती मराठीत लिहिली जात आहे काय, एवढे चौकशी करून पाहण्यासारखे आहे.